आवाज थांबवा, पाण्याची वाट नको

सम्प (खाली ठेवलेली गाळणीची टाकी) लावलेली माशांची मोठी टाकी घरात आली की पहिल्या आठवड्यात माशांपेक्षा जास्त बोललं जातं ते आवाजाबद्दल. दिवसा तो जाणवत नाही. रात्री रस्ता शांत झाला की हॉलमधून गुडगुड ऐकू येते, मध्येच सुर्र करून पाणी ओढलं जातं, आणि खालच्या कपाटात पाणी पडल्याची सळसळ तर अखंड चालू असते. मग घरातलं कोणीतरी सुचवतं, ‘त्या पाइपला एक कॉक लाव आणि थोडा बंद कर.’ खाली उतरणारा पाइप एकच असेल तर हा सल्ला कृपा करून ऐकू नका. आवाज कमी होईल, यात शंका नाही. पण त्या रात्रीपासून तुमची फरशी आणि खालच्या मजल्यावरच्यांचं छत एका अर्धवट उघड्या कॉकच्या भरवशावर राहील. त्या फटीत एखादी गोगलगाय किंवा वनस्पतीचं सडकं पान अडकलं तरी पुरे.

ओव्हरफ्लोची रचना साधी असते. टाकीच्या कोपऱ्यात किंवा मागच्या काचेला लागून एक उभा कप्पा असतो आणि त्याच्या वरच्या कडेला दाते कापलेले असतात. पाणी दात्यांवरून कप्प्यात उतरतं, तळाच्या भोकात बसवलेल्या टँक निपलमधून पाइपात जातं आणि खाली सम्पमध्ये पडतं. तिथे गाळून झालं की रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. यातली एक गोष्ट मनात पक्की धरायला हवी. वर जाणारं पाणी पंप ढकलतो, खाली येणारं पाणी मात्र केवळ स्वतःच्या वजनाने येतं. खालची वाट तुंबली हे पंपाला कळत नाही. तो चढवतच राहतो.

आता आवाज नेमका कशाचा? पाण्याचा फारसा नाहीच, पाण्यात अडकलेल्या हवेचा. वाहत्या पाण्याच्या आवाजाचं गणित मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये मांडलं. पाण्यातला प्रत्येक बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत कंपतो आणि त्याचा स्वर त्याच्या आकारावर ठरतो. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३,००० हर्ट्‌झच्या थोडा वर वाजतो, तर १ सेंटिमीटर त्रिज्येचा ३०० हर्ट्‌झच्या आसपास. माझ्या मते टाकी ठेवणाऱ्याला याहून उपयोगी माहिती नाही, कारण यामुळे नुसत्या कानाने रोगाची जागा सापडते. जाड, खोल गुडगुड म्हणजे मोठे बुडबुडे. ते उभ्या पाइपात असतात. बारीक, टोचणारी सळसळ म्हणजे लहान बुडबुडे. ते बहुधा सम्पमध्ये, पाइपाच्या तोंडाशी असतात. दात्यांवरून कप्प्यात पडणाऱ्या धारेचा आवाज त्याहून वेगळा, उघड्या धबधब्यासारखा येतो. आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी सुर्र करून पाणी एकदम खाली जात असेल, मग थोडी शांतता आणि पुन्हा तेच, तर पाइप आपोआप सायफन होतो आहे आणि हवा ओढून तुटतो आहे. हे चक्र पाइप आणि पंप यांचा मेळ बसला नसल्याचं लक्षण असतं.

तेव्हा दुरुस्तीची दिशा ठरली: हवा काढायची किंवा तिला वेगळी वाट द्यायची. पाण्याची वाट अरुंद करणं ही दुरुस्तीच नव्हे.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे आणि तो बहुतेक जण करत नाहीत. पंप कमी करा. सम्पमधून तासाला टाकीच्या तिप्पट ते पाचपट पाणी फिरलं तरी गाळणीचं काम व्यवस्थित होतं. माशांना किंवा प्रवाळांना जास्त प्रवाह हवा असेल तर तो टाकीत बसवलेल्या वेव्हमेकरने द्यावा, ओव्हरफ्लोवर भार टाकून नव्हे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी धरा. तिच्यात साधारण ४५० लिटर पाणी मावतं, म्हणजे तासाला १,३५० ते २,२५० लिटर पुरे. आता पाइप बघा. हवा आणि पाणी सोबत वाहणाऱ्या साध्या उभ्या पाइपातून, तो एक इंची असेल तर, ताशी १,१०० लिटरच्या आसपास पाणी गडबड न करता उतरतं. दीड इंची असेल तर अडीच हजारांच्या आसपास. एक इंची पाइपावर तीन हजार लिटरचा पंप लावून आवाजाची तक्रार करण्यात अर्थ नाही. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, हेही ध्यानात असू द्या. खरा प्रवाह मोजायचा तर सम्पमध्ये येणाऱ्या पाइपाखाली दहा लिटरची बादली धरा आणि घड्याळ बघा. वीस सेकंदांत भरली तर ताशी १,८०० लिटर.

दात्यांवरच्या धबधब्याचा इलाजही सोपा. पाणी जितक्या उंचीवरून पडतं तितकी हवा सोबत घेऊन जातं. कप्प्यातल्या पाण्याची पातळी वर आणा, म्हणजे दात्यांपासून दोन-चार सेंटिमीटरच खाली राहील. त्यासाठी कप्प्यातला उभा पाइप उंच करायचा. हा पाइप टँक निपलमध्ये नुसता दाबून बसवला तरी चालतो, सॉल्व्हंट सिमेंटची गरज नाही. तिथे थोडं पाणी झिरपलं तरी ते कप्प्यातच राहतं आणि पुढे पाइप काढून साफ करता येतो. निपलची मात्र हयगय नको. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, कडेच्या चकतीखाली बसला पाहिजे, आणि नट हाताने घट्ट करून वर थोडासाच पिळायचा. पान्याने जोर केला तर काच तडकते.

सम्पमधल्या सळसळीसाठी पाइपाचं तोंड पाण्याखाली न्या, पण खोल नाही. दोन-अडीच सेंटिमीटर बस. साध्या पाइपातून पाण्याबरोबर हवाही येत असते. तोंड खोल बुडवलं तर त्या हवेला बाहेर पडता येत नाही, ती मागे साचते आणि पाइप ढेकरा देऊ लागतो. तोंडाच्या थोडं वर, पाण्याच्या पातळीबाहेर एक टी बसवून तिचं वरचं तोंड उघडं ठेवलं तर हवा तिथून निघून जाते.

आता मधला पाइप. एकच भोक असलेल्या टाकीसाठी डुर्सो पाइप हा उत्तम उपाय आहे. अमेरिकेतल्या रिचर्ड डुर्सो यांच्या नावाने तो ओळखला जातो. कप्प्यातल्या उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी बसवायची, टीच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावायचा आणि वरचं तोंड टोपीने झाकून टोपीला बारीक भोक पाडायचं. पाणी एल्बोतून, म्हणजे पृष्ठभागाच्या खालून आत शिरतं. हवा टोपीच्या भोकातून येते. अरुंद तोंडाची कळशी उलटी केली की ती गुडगुडते, कारण पाणी आणि हवा एकाच तोंडातून ये-जा करतात. डुर्सोमध्ये दोघांना वेगळी दारं मिळतात. भोक आधी दोन-तीन मिलिमीटरचं ठेवा. सुर्र करून पाणी ओढलं जात असेल तर भोक लहान पडतंय, थोडं मोठं करा. नुसती गुडगुड असेल तर मोठं झालं आहे. टोपी चिकटवू नका, म्हणजे चुकलं तर बदलता येते. हवेच्या नळीचा छोटा व्हॉल्व्ह टोपीत बसवला तर भोक मोठं-लहान करण्याचं काम बोटांनी होतं. मात्र तो पूर्ण बंद कधीच करायचा नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीत या भोकावर मीठ साचतं आणि काही आठवड्यांत ते बुजतं. ‘इतके दिवस शांत होती, आता पुन्हा आवाज करते’ असं झालं तर आधी तिथेच बघा.

डुर्सो आवाज बराच कमी करतो, पण पूर्ण शांतता देत नाही. पण उरलेला आवाज दाबायला पाइपात स्पंज कोंबणं, जाळी दुमडून घालणं, तोंडाला मोजा घट्ट बांधणं हे सगळे प्रकार कॉकचेच भाऊबंद आहेत. एका पाइपाच्या टाकीत थोडी सळसळ उरली तर उरू द्या.

पूर्ण शांतता हवी असेल तर किमान दोन पाइप लागतात. एक पाइप पूर्ण सायफनवर चालवायचा, म्हणजे त्यात हवेचा लवलेशही नाही, आणि दुसरा संकटासाठी रिकामा ठेवायचा. याला हर्बी पद्धत म्हणतात. हवाच नाही म्हणून आवाज नाही. पूर्ण भरलेला पाइप पाणीही कितीतरी जास्त वाहतो: एक इंची पाइपाला मीटरभर उतार मिळाला तर ताशी तीन हजार लिटरहून जास्त. इतकं आपल्याला नको असतं, म्हणून या पाइपावर, आणि फक्त याच पाइपावर, सम्पजवळ हात पोचेल असा गेट व्हॉल्व्ह बसवायचा. बॉल व्हॉल्व्ह नको. त्याचा दांडा केसभर हलवला तरी प्रवाह बराच बदलतो, गेट व्हॉल्व्हचं चाक हळूहळू फिरवता येतं. आपल्याकडे नळसामानाच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की बहुधा पितळेचा किंवा गनमेटलचा हातात देतात. तो घेऊ नका. दोन्हींत तांबं असतं, आणि पाण्यात उतरलेलं तांबं झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळ यांचा जीव घेतं. पीव्हीसीचाच मागा, मिळायला दोन दिवस लागले तरी थांबा.

सायफनच्या पाइपाचं वरचं तोंड कप्प्यातल्या पाण्यात दहा-पंधरा सेंटिमीटर बुडालेलं असावं, नाहीतर भोवरा तयार होऊन हवा आत जाते. त्यावर जाळीदार टोपी हवीच. संकटाचा पाइप त्याच मापाचा किंवा मोठा असू द्या, त्याचं तोंड दात्यांच्या किंचित खाली ठेवा, आणि त्यावर व्हॉल्व्ह, कॉक, स्पंज काही म्हणजे काही नको. तो स्वतंत्रपणे सम्पपर्यंत गेला पाहिजे. खाली जाऊन दोन्ही पाइप एकत्र जोडले तर दुसरा पाइप असून नसल्यासारखा. त्याचं खालचं तोंड मी मुद्दाम पाण्याच्या वर ठेवायला सांगतो. सायफन तुंबला आणि पाणी या पाइपात आलं की मोठा आवाज होईल आणि सगळं घर जागं होईल. शांत टाकीत हा आवाज म्हणजे धोक्याची घंटा.

जुळवणी करताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंप सुरू करा. कप्पा रिकामा होत जाईल आणि पाइप हवा ओढू लागेल. मग चाक थोडं थोडं बंद करत जा. प्रत्येक वेळी काही मिनिटं थांबा, कारण पातळी स्थिर व्हायला वेळ लागतो. पाणी चढत चढत संकटाच्या पाइपाच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं की झालं. त्या पाइपात अगदी बारीक ओघळ जाऊ दिला, काठावरून भिंतीला चिकटून उतरेल इतकाच, तर आवाज होत नाही आणि पंपाच्या प्रवाहातला लहानसा चढउतार तो ओघळ सामावून घेतो. पहिल्या काही आठवड्यांत पाइपाच्या आत बुळबुळीत थर चढतो, तेव्हा चाक पुन्हा थोडं उघडावं लागतं.

तीन भोकांची सोय असेल तर बीनॲनिमल पद्धत याहून सुरक्षित: एक सायफन, एक बारीक ओघळाचा पाइप, एक पूर्ण कोरडा. मधल्या पाइपाच्या टोपीला हवेची नळी असते आणि तिचं तोंड पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या थोडं वर ठेवतात. पाणी चढलं की ते तोंड बुडतं, हवा बंद होते आणि तो पाइपही सायफन होऊन पूर्ण जोराने वाहू लागतो.

बऱ्याच तयार टाक्यांत दोन भोकं असतात, पण एक रिटर्नला दिलेलं असतं. रिटर्नचा पाइप मागच्या काचेवरून वळवून आत सोडा आणि दोन्ही भोकं खाली येणाऱ्या पाण्याला द्या. भोकच नसलेल्या टाकीला बाहेरून टांगायचा ओव्हरफ्लो आणि उलट्या यू आकाराची नळी मिळते. ती मी कोणालाच सुचवत नाही. नळीच्या वरच्या वळणात बुडबुडे साचत जातात, एके दिवशी सायफन तुटतो, आणि तिथे दुसरी वाट नसते.

आता पुराचं गणित. पूर दोन दिशांनी येतो, आणि दोन्ही आधीच मोजता येतात.

एक, वीज गेली की. पंप थांबतो, रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी सम्पमध्ये ओढतो. आपल्या चार बाय दोन फुटी टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे साडेसात लिटर. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटर असेल तर ३७ लिटर उतरेल. कप्पा आणि पाइप धरून ४५. तीन बाय दीड फुटी सम्पमध्ये त्याने पातळी अकरा सेंटिमीटर चढेल, म्हणजे पंप चालू असताना सम्पमध्ये तेवढी आणि वर थोडी जास्त जागा रिकामी पाहिजे. तेच तोंड पंधरा सेंटिमीटर खोल ठेवलंत तर ११० लिटर खाली येतील आणि बहुतेक सम्प वाहतील. तेव्हा तोंड वर ठेवा आणि पृष्ठभागाच्या जरा खाली पाइपाला चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तिथून हवा शिरून सायफन लवकर तुटेल. हे भोक शेवाळाने बुजतं, म्हणून मुख्य भरवसा तोंडाच्या उंचीवर असावा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबणं मला मान्य नाही. त्याच्या पाकळीत कचरा अडकला की तो उघडाच राहतो.

दोन, खालची वाट तुंबली की. पंप सम्पच्या शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर चढवत राहतो. ते सगळं पाणी टाकीच्या वरच्या रिकाम्या जागेत मावलं पाहिजे. मग पंप कोरडा पडेल, खडखडेल, पण पाणी बाहेर येणार नाही. आपल्या टाकीत काठापर्यंत चार सेंटिमीटर मोकळे असतील तर ३० लिटरची जागा आहे. पंपाचा कप्पा ३० बाय ४५ सेंटिमीटरचा आणि पंप त्यातलं पंधरा सेंटिमीटर पाणी उचलू शकत असेल तर २० लिटर. म्हणजे निभावलं. पण बाष्पीभवनाची भर घालणारा ऑटो टॉप-ऑफ लावला असेल तर थांबा. पंपाचा कप्पा रिकामा होतोय असं दिसताच तो आपल्या कॅनमधून पाणी ओतत राहील आणि पंप कोरडा पडणारच नाही. वीस लिटरचा कॅन असेल तर हिशेब ४० वर जातो आणि दहा लिटर फरशीवर. कॅन लहान ठेवा. तरंगता बॉल लावून थेट नळाची जोडणी दिलीत तर पाण्याला अंतच नाही.

हे गणित कागदावर सोडून देऊ नका. मासे सोडण्याआधी, साध्या पाण्यावर, जवळ उभं राहून तपासा. पंप बंद करा आणि सम्पची चढलेली पातळी बघा; ‘पंप बंद असताना याच्यावर नको’ अशी खूण आतल्या काचेवर टेप लावून करा. पुन्हा सुरू करा: थोडी गडबड होईल आणि मिनिट-दोन मिनिटांत सायफन आपोआप धरून शांत झाला पाहिजे. होत नसेल तर सायफन पाइपाचं खालचं तोंड सम्पमध्ये फार खोल आहे. दोन-अडीच सेंटिमीटरवर आणा. आपल्याकडे वीज पाच मिनिटांत तीनदा जाते-येते, म्हणून हेही लागोपाठ तीन-चारदा करा. तुम्ही गावाला गेलेले असताना ही यंत्रणा एकटीच पुन्हा सुरू होणार आहे. मग गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि संकटाचा पाइप एकटा सगळं पाणी पेलतो का ते पाहा. शेवटी दोन्ही वाटा बंद करा आणि पंप कोरडा पडेपर्यंत थांबा. काठावरून पाणी येईल असं दिसलं तर पंप लगेच बंद करा आणि टाकीची किंवा सम्पची पातळी कमी करा.

विजेचा बोर्ड सम्पच्या खाली किंवा कपाटाच्या तळाशी नको. तो बाजूला, उंचावर असावा, आणि प्रत्येक वायर सॉकेटपाशी पोचण्याआधी खाली झोल खाऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलातच टपकेल. या जोडणीला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी असल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

दर महिन्याला जाळीदार टोप्या आणि दाते साफ करा, आणि त्याच वेळी संकटाच्या पाइपाची परीक्षा पुन्हा घ्या.

नवी टाकी बांधून घेणार असाल तर काचा जोडण्याआधीच दुकानदाराला भोकं पाडायला सांगा. साध्या काचेला भोक पाडता येतं. टफन केलेल्या काचेला नंतर पाडायला गेलं तर ती फुटते. भोकं किती, असं तो विचारेल. खाली येणाऱ्या पाण्यासाठी किमान दोन सांगा, जमलं तर तीन, आणि ती एकाच मापाची.